लांबलेली सूचना

"धर. तुझीच माणसं ना ही?" साहेबांनी भोंगा तिच्या हातात दिला. "सांग त्यांना त्यांच्या भाषेत. रस्ता मोकळा करा म्हणावं. तुझं बोलणं संपलं, की आम्ही पुढे."

पुढे म्हणजे काय, ते रांगेतल्या प्रत्येक काठीला ठाऊक होतं.

"माहेर आलंय की तुला भेटायला!" शेजारचा हवालदार हसला. "चहापाणी तरी विचार."

समोर, रस्ता अडवलेल्या जमावाच्या अगदी पुढच्या ओळीत, तिची आई उभी होती. हातात शाळेचा उखडलेला फलक. त्यांच्या भाषेतली ती एकुलती एक शाळा, कुलूप लागलेली. लेकीनं वर्दी अंगावर चढवली तेव्हापासून आईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. नातवाचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिनं भोंगा तोंडाशी नेला. "घरी जा. आपल्या पायांनी जा. इथं थांबू नका."

आणि सगळा रस्ता खाली बसला.

हे कसं विसरली ती? घरची लेक चारचौघांत बोलायला उभी राहिली की त्यांच्यात बसूनच ऐकतात. उभ्यानं ऐकणं म्हणजे तिचा पाणउतारा. तिची बोली कानावर पडली आणि सगळे गुडघे आपसूक वाकले. आईचेही.

"हे काय?" साहेब तडकले. "उठा म्हणालीस की बसा?"

"ऐकतायत, साहेब. ऐकून झाल्याशिवाय उठत नाहीत आमच्यात."

"मग आटप!"

"उठा ना," ती कळवळून म्हणाली.

"तुझं होऊ दे, पोरी," मागून एक म्हातारा ओरडला. "मग आमचं ऐक."

मग कुणी ऐकणार नव्हतं. बसलेल्या माणसाला पळता तरी कुठे येतं? ती गप्प झाली की संपलंच.

म्हणून ती बोलत राहिली. सांगायचं होतं ते सांगून झालं, पुन्हा एकदा सांगून झालं, आणि मग जे जिभेवर येईल ते. "बाळाला दात आलाय. खालचा. परवा कडकडून चावला मला. रांगताना एकच पाय ओढतो, दुसरा नुसता मिरवतो. घरी असले की त्याच्याशी आपल्याच बोलीत बोलते मी. दुसरं आहे कोण बोलायला?"

"केवढी ही सूचना!" हवालदार पुटपुटला.

"भाषाच लांबट आहे," भोंग्यावर हात ठेवून ती म्हणाली.

आईनं मान वर केली नाही. शेजारची बाई मुसमुसायला लागली, तशी तिच्या मांडीवर चापट मारून आईनं तिला गप्प केलं. लेकीचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"झालं?" साहेबांनी हात उचलला.

सांगण्यासारखं सगळं संपलं होतं. शब्द सुचत नव्हता.

"थोडंच राहिलंय, साहेब," ती म्हणाली, आणि भोंग्यातून आईची अंगाई म्हणायला लागली. तिला दोनच कडवी येत होती.