लूर्दचं मागणं

स्वागताच्या बँडमधल्या पीटरनं मोठ्या ढोलावर टोला हाणला आणि अख्खं पाचूबंदर दणाणलं. क्रुसाजवळच्या माडांवरचे कावळे उडाले. टांग्याचं घोडं बिचकून मागं सरलं. नुकत्याच टांग्यातून उतरलेल्या रेजिनाच्या खांद्यावर वर्षाचा जोसेफ झोपला होता. तो झोपलेलाच राहिला.

बँड आपोआप थांबला. स्वागताला जमलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. विचारायचं काही उरलंच नव्हतं. लूर्दमातेच्या शताब्दीचं साल म्हणून ज्याच्या बहिऱ्या कानांसाठी सगळं घर बोटीत बसून फ्रान्सला गेलं, तिथल्या झऱ्याच्या थंडगार, चमत्कारी पाण्यात ज्याला बुडवून आणलं, ते पोर गेलं तसंच परत आलं होतं.

"बघा, बघा!" सासू कॅथरिन टांग्याची पायरी उतरता उतरताच कडाडली. "आयच असली, तं लूर्दमाता तरी काय करील? अर्नाल्याची खोट ही! माहेरून आनली नि माज्या नातवाच्या कानांत घातली!"

अर्नाळ्याला रेजिनाच्या माहेरी कधी कुणी बहिरं नव्हतं. पण कॅथरिननं एकदा ठरवलं की ठरलं. मासळीबाजारात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, आणि घरी येताना ती तो सगळा बाजार तोंडात घेऊन यायची.

फ्रान्सभर तिनं हेच केलं होतं. रेजिनाचा नवरा आलोशियस परदेशी बोटीवर कुक होता, म्हणून हा प्रवास जमला. मार्सेयच्या बंदरात पाय ठेवल्यापासून म्हातारी सुरू झाली. आगगाडीत बसली तरी सुरूच. वाटेतल्या एकाही स्टेशनाचं नाव रेजिनाला आता आठवत नव्हतं, पण कुठल्या शिवीमागून कुठली येते ते तोंडपाठ झालं होतं. बाळ ओकलं, तर रेजिनाचं दूध वाईट. बाळ शांत झोपलं, तर बहिरं म्हणून झोपलं, आणि बहिरं कुणामुळं?

समोरच्या बाकावर काळी टोपी घातलेली एक फ्रेंच बाई मांडीवर टोपली घेऊन बसली होती. तिला कोळ्यांच्या बोलीतलं एक अक्षर कळत नव्हतं. तरी ती उठली. रेजिनाशेजारी येऊन बसली. टोपलीतला लांबडा पाव मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला, आणि कॅथरिनकडे अशी काही रोखून बघत राहिली की म्हातारीची जीभ घटकाभर टाळूला चिकटली. ज्याला अक्षरन्‌अक्षर कळत होतं, तो आलोशियस मात्र खिडकीबाहेरचे द्राक्षांचे मळे बघत होता.

"काय हिरवंगार हाय बग," तो म्हणाला.

सासूचा राग रेजिनाला रोजचाच होता. नवऱ्याच्या त्या 'हिरवंगार'चा राग नवा होता, आणि तो लूर्द येईपर्यंत विझला नाही. आलोशियस फार शांत स्वभावाचा, असं बंदरावर सगळे कौतुकानं म्हणायचे. शांत! बायकोच्या अंगाची सालडी निघत असताना जो शांत राहतो, त्याला लोकांनी खुशाल साधू म्हणावं. रेजिनाच्या मनात दुसराच शब्द होता.

लूर्दला मेणबत्त्या लावून तिघंही, माता जिथं दिसली त्या गुहेपुढे, गुडघ्यांवर बसली. कॅथरिन मोठमोठ्यानं मागत होती. आलोशियस डोळे मिटून मागत होता. रेजिनानंही मागितलं.

"तू तिथं मागलंस तरी काय?" कॅथरिननं आता साऱ्या बंदरादेखत तिचा दंड धरला. "सांग! मनापासनं मागलं असतंस तं पोर असं आलं असतं?"

आलोशियस खाली उतरवलेल्या ट्रंकेची दोरी सोडत होता. गाठ काही सुटत नव्हती. अशा वेळी त्याच्या हातातली गाठ कधीच सुटत नसे.

रेजिनानं दंड सोडवून घेतला.

"बालासाठी तुमी मागत होता," ती म्हणाली. "हे मागत होते. इथं अख्खं बंदर मागत होतं. माज्यासाठी मागनारं कोन होतं? मी माज्यासाठी मागलं. माते, म्हनलं, माज्या नवऱ्याला एकदा वाचा फुटू दे."

बायकांनी पदर तोंडाला लावले. सगळ्यांच्या माना आलोशियसकडे वळल्या. रेजिना श्वास रोखून उभी होती. 'आये, पुरे,' एवढं तो म्हणाला असता तरी चाललं असतं. तेवढ्यावर तिनं सगळा फ्रान्स माफ केला असता.

आलोशियस दोरी टाकून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं घसा खाकरला.

"पीटर," तो म्हणाला, "बँड कशाला थांबवलास? वाजव!"

पीटर बिचारा सांगकाम्या. ढोल पुन्हा घुमला, कर्णे किंचाळले. कॅथरिनचं तोंड पुन्हा हलू लागलं. रेजिना वळली, बाळाला घेऊन परत टांग्यात चढली आणि टांगेवाल्याच्या कानाशी वाकून तिनं अर्नाळ्याचं नाव सांगितलं. घोड्याला बँड नकोच होता. ते सुसाट निघालं.

टांगा वळणाशी पोचला तेव्हा कुठे आलोशियसच्या ध्यानात आलं, की ही खरंच चालली. तो ट्रंकेला ठेचकाळून मागं धावला. त्यानं रेजिनाला हाक मारली. गळ्याच्या शिरा तटतटून मारली, साऱ्या जन्मात ओरडला नव्हता इतक्या मोठ्यानं मारली.

पण बँड वाजत होता.