टकटक

पनवेलबाहेरच्या प्रयोगशाळेत त्या दुपारी ताहिराला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. न्यूट्रॉन मोजणारं तिचं यंत्र अखेर बिनचूक झालं होतं. किरणांचा स्रोत दूर असला की टकटक विरळ, जवळ आला की दाट. आता तिला नुसतं ऐकून अंतर सांगता येई.

"जमलं, कमळाकरराव! स्रोत ठेवून द्या."

तिच्या सहकाऱ्याने स्रोत मेणाच्या जाड पेटीत ठेवून कुलूप लावलं. टकटक थांबली.

मग ती पुन्हा सुरू झाली.

"पेटी उघडलीत?"

"नाही हो, ताहिराबाई. ही बघा किल्ली."

टेबलावरच्या यंत्राला कुणी हात लावला नव्हता. टकटक मात्र दाट होत चालली.

"दारापाशी आहे!" ताहिरा हरखून म्हणाली. "आता कपाटाजवळ! आता तर अगदी—"

टेबलापलीकडची रिकामी खुर्ची मागे सरली, कुणी बसायला ओढावी तशी.