घमेलंभर वाळू

पाणी शिफानाबाईंच्या घोट्याला लागलं होतं. तिथे बांधलेल्या पट्टीवरचा दिवा मात्र अजून हिरवा होता. केलूमा बेटाच्या वाळूवर एका तरी नागरिकाचा पाय आहे, असं तो दिवा साऱ्या जगाला कळवत होता. बेटावर आता बाई एकट्याच उरल्या होत्या; दिवा विझला की करारानुसार त्यांचा देश संपणार होता, आणि भोवतालचा समुद्र मोठ्या शेजारी देशाचा होणार होता.

त्याच शेजाऱ्याचं हेलिकॉप्टर आता त्यांना वाचवायला आलं होतं.

"बाई, चला लवकर!" हेलिकॉप्टरच्या दारातून जवान घोरपडे ओरडला. "लाट चार मिनिटांवर आलीय."

"थांब रे जरा." बाई मिरजेला नर्सिंग शिकलेल्या, मराठी चांगलं बोलायच्या. वाकून त्या पाण्याखालची वाळू घमेल्यात भरत होत्या.

हेलिकॉप्टर अगदी खाली आलं. त्यांनी घमेलं आत ठेवलं, एक पाय त्यातल्या वाळूत रोवला आणि मग दुसरा पाय बेटावरून उचलला. दिवा लुकलुकला, पण विझला नाही.

घोरपड्याच्या कानात नियंत्रण कक्षातला साहेब गरजला, "बाई वर आल्या ना? मग दिवा हिरवा कसा?"

"घमेल्यात उभ्या आहेत, सर. वाळूत."

मग हुकूम आला, "फेकून दे ते घमेलं."

हेलिकॉप्टर वळताना कललं. घमेलं बाईंसकट दाराकडे घसरू लागलं. घोरपडे झटकन गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी घमेल्याची कड घट्ट धरली.

"नाही जमणार, सर," तो म्हणाला. "दुसऱ्यांचा देश आहे तो."