खातेदाराचा होकार

"करार संपायला अजून वर्ष आहे, साहेब," काउंटरमागचा लॉइड म्हणाला. "तोवर हा फोन दुसऱ्या कुठल्या कंपनीचं सिम घेणार नाही. लॉक आमचं आहे, आणि मुदतीआधी आम्ही ते काढत नाही."

"माझी बायको सोमवारी कुवेतला चाललीय," गॅरेट म्हणाला. "नॅशनल गार्डमध्ये आहे ती. सैन्यातून परदेशी पाठवलेल्यांना तुम्ही काढून देता म्हणे."

लॉइड खुलला. "मग आधी सांगायचं नाही का! त्यांना करार चालू असला तरी देतो. हुकमाची प्रत आणलीय?"

प्रत गॅरेटनेच आणली होती. बर्फात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून. महिनाभर सगळं तोच करत होता. जाड मोजे, उन्हाचं मलम, गॉगल, आणि आता हा फोन. तिथलं सिम घातलं की रोज बोलता येईल, असं तो येताना गाडीत दोनदा म्हणाला होता. केंड्रा त्याच्या शेजारी जाकिटाच्या खिशात हात घालून उभी होती. एरवी ती अ‍ॅम्ब्युलन्सवर नोकरी करायची, गार्डचं बोलावणं आलं की सैन्यात; आज ड्यूटी संपताच त्याने तिला तिथूनच परस्पर आणलं होतं.

"पाच वर्षांत दुसऱ्यांदा पाठवताहेत हिला," गॅरेट म्हणाला. "घर आहे, नवरा आहे, विचारतो कोण? यादीत नाव दिसलं की उचलतात."

"जाऊ दे ना, गॅरेट," केंड्रा म्हणाली.

"का जाऊ दे? खोटं आहे का?"

लॉइड कागद बघून कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होता. "मीसुद्धा होतो गार्डमध्ये. गुडघा गेला तसा सोडलं. कुठली तुकडी तुमची?"

"इथलीच. सलायनाची," गॅरेटने सांगितलं.

लॉइडची बोटं थांबली. "सलायनाची कुठे जातेय? माझा मेहुणा आहे तिच्यात. जातेय ती टोपेकाची." मग त्याने काउंटरवर थाप मारली. "अरे, म्हणजे तुम्हीच त्या! टोपेकावाल्यांना एक मेडिक कमी पडत होता. मेहुणा सांगत होता ना, कॅप्टनने सगळ्यांना विचारलं, कोणी आपणहून जातंय का? एकजात सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आणि मागून एका बाईने हात वर केला." त्याने काउंटरवरून हात पुढे केला. "मानलं तुम्हाला, ताई."

केंड्राने त्याचा हात हातात घेतला. न घेऊन चालणार नव्हतं.

"एरवी दोन दिवस लागतात," लॉइड म्हणाला. "पण वरच्या ऑफिसात एक जण ओळखीचा आहे. आत्ताच्या आत्ता करून घेतो. बसा तुम्ही." फोन आणि कागद घेऊन तो लंगडत आत गेला.

दोघंही बसले नाहीत. गॅरेट भिंतीवर टांगलेली फोनची कव्हरं बघत होता. त्याने त्यातलं एक काढलं, उलटसुलट केलं, परत अडकवलं.

"मी तुझ्या कॅप्टनला फोन केला होता," तो म्हणाला.

"माहितेय."

"ओरडलो त्याच्यावर. लाज वाटत नाही का म्हणालो. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं."

"मी त्याला सांगितलं होतं, बोलू नकोस म्हणून."

दुकानात एक म्हातारी चार्जर शोधत होती. ती दुसऱ्या रांगेत जाईपर्यंत गॅरेट थांबला.

"मला विचारायचं होतंस, केंड्रा."

"तू नको म्हणाला असतास."

"म्हटलं असतं. मग? तू थांबली असतीस?"

केंड्राने उत्तर द्यायला वेळ घेतला. खोटं बोलायचं असतं तर तिने एवढा वेळ घेतला नसता.

"हो," ती म्हणाली. "थांबले असते. म्हणूनच नाही विचारलं."

लॉइड बाहेर आला. "झालंच समजा. एकच राहिलंय. खातं साहेबांच्या नावावर आहे. लॉक काढायला खातेदाराचा होकार लागतो. तोंडी चालेल, पण माझ्यासमोर." तो हसला. "नियम आहे, काय करणार. काढू ना, साहेब?"

गॅरेटने केंड्राकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. तिने नजर वळवली नाही, आणि मानही हलवली नाही.

"काढा," गॅरेट म्हणाला.

लॉइडने बटण दाबलं. फोन बंद झाला, पुन्हा सुरू झाला. लॉइडने खणातून दुसऱ्या कंपनीचं एक सिम काढून आत सरकवलं आणि फोन केंड्रापुढे धरला. "बघा, रेंज आली. आता जगात कुठेही जा. एक कॉल लावून बघा, म्हणजे माझी खात्री होईल."

"कोणाला लावू?"

"साहेबांनाच लावा की!"

केंड्राने नंबर लावला. गॅरेटच्या कोटात फोन वाजला. त्याने तो बाहेर काढला. स्क्रीनवर अनोळखी नंबर होता. तो त्या नंबराकडे बघत राहिला.

"उचला, उचला," लॉइड म्हणाला.

गॅरेटने फोन कानाला लावला. केंड्रा त्याच्यापासून हातभर अंतरावर फोन कानाला धरून उभी होती. दोघंही काही बोलत नव्हते.

"येतंय का ऐकू?" लॉइडने विचारलं.

"स्वच्छ," गॅरेट म्हणाला.