खारट अंगठा

“हात लावू नकोस, घामाने गंज चढतो,” ही यांची लग्नानंतरची पहिली ताकीद.

एकोणिसाव्या शतकातली सात रिव्हॉल्व्हरं हे रोज हातमोजे घालून पुसतात, तेल लावतात, कुरवाळतात. माझ्याशी बोलतात तेसुद्धा त्यांच्याकडेच बघत.

मध्यंतरी हे आठवडाभर प्रदर्शनाला गेले होते. कैऱ्यांना मीठ चोळता चोळता माझं डोकं फिरलं. तशीच उठले, कपाट उघडलं आणि यांच्या सगळ्यांत लाडक्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर अंगठा दाबला.

आल्या आल्या यांना नळीवरचा गंजलेला ठसा दिसला. भिंग घेऊन तडक स्वयंपाकघरात आले.

“कोणाचा अंगठा हा?”

मी हात पुढे केला. कित्येक वर्षांनी यांनी तो हातात घेतला आणि रेघन् रेघ निरखली.

मीठ अजून बरंच उरलंय. रिव्हॉल्व्हरंही सहा आहेत.