शिशाचा ठसा

टांकसाळीत पदक पाडण्याआधी साचा नीट कोरलाय का, हे बघायला शिशावर एक ठसा मारतात आणि लगेच वितळवतात. त्यातून वाचलेला एक माझ्या संग्रहात आहे. तो साचा कोरणारे आजोबा अजून हयात आहेत असं कळलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तो त्यांच्या हातावर नेऊन ठेवला.

आजोबा बराच वेळ त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"हा सापडेना म्हणून मला चोर ठरवून नोकरीवरून काढून टाकलं. तुम्हाला कुठे मिळाला?"

"वडिलांनी दिला."

"काय करायचे ते?"

माझे वडील टांकसाळीच्या फाटकावर काम सुटताना कामगारांचे खिसे तपासायचे.

"शिक्षक होते," मी म्हणालो आणि ठसा त्यांच्या हातातून घेऊन परत खिशात टाकला.