फक्त जुळणारे

"मी इथे नाहीच असं समजा, काकू," चाचणी घेणारी म्हणाली आणि खुर्ची भिंतीकडे सरकवून बसली.

काकूंनी मान डावीकडे कलती केली. नजरेच्या ऐन मधोमध डाग पडलेला, त्यामुळे समोरचंही कडेनेच बघावं लागे. लिहिण्याच्या प्रोग्रॅमला जोडायचे छोटे छोटे प्लगिन पडद्यावर मांडून ठेवले होते. त्यातला लिहिलेलं वाचून दाखवणारा शोधायचा आणि बसवायचा, एवढंच काम; वापरणाऱ्याला ते आपलं आपण जमतं का, याची ही चाचणी. चाचणीपुरता नव्हे, तो त्यांना खरोखरच हवा होता. नातीसाठी त्या आठवणी लिहीत होत्या. बोटांना अक्षरं पाठ होती म्हणून लिहिता येत होतं, पण आदल्या दिवशी काय लिहिलं ते वाचता येत नव्हतं. आजोळच्या विहिरीची गोष्ट तीनतीनदा लिहिली गेलीय, हे नात हसली तेव्हा कळलं. त्या दिवसापासून लिहिणं थांबलं होतं.

शेजारच्या खोलीत त्यांचा मुलगा तोच पडदा बघत आणि इथलं बोलणं ऐकत होता. प्लगिनचं हे दुकान त्यानेच बांधलेलं. उद्या ते सगळ्यांसाठी उघडणार होतं. ज्याच्याकडे प्रोग्रॅमचं जे व्हर्जन आहे, त्याला चालतील तेवढेच प्लगिन आधी दाखव, म्हणून चाचणीवालीने कितीतरी दिवस त्याचं डोकं खाल्लं होतं. तो म्हणायचा, कोपऱ्यात 'फक्त जुळणारे' अशी चौकट दिलीय, तिच्यावर टिचकी मारायला काय हात मोडतात लोकांचे? शेवटी त्यानेच छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या आईलाच बसव, तिला जमलं म्हणजे जगाला जमलं. दुकान कुणी बांधलं ते मात्र आईला सांगायचं नाही, असं चाचणीवालीने बजावलं. नाहीतर ती लेकाची कड घेणार.

काकूंनी पहिल्या प्लगिनचं बटण दाबलं. पट्टी सावकाश भरत गेली, आणि भरल्यावर पाटी आली की हा प्लगिन तुमच्या व्हर्जनशी जुळत नाही.

माझं काय चुकलं, त्यांनी विचारलं. चाचणीवालीने प्रश्न तेवढा टिपून घेतला. मदत करायची नाही, असा नियमच होता.

दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्याने आधी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायला लावला आणि मग सांगितलं की जुळत नाही. "जेवायला बोलवायचं आणि दाराला कुलूप लावायचं," काकू पुटपुटल्या.

मुलगा पडद्याला सांगत होता, अगं कोपऱ्यात, कोपऱ्यात बघ. आईच्या माऊसचा बाण त्या चौकटीवरून एकदा गेलासुद्धा. पण अक्षरं फिकट राखाडी होती. पान स्वच्छ दिसावं म्हणून तो रंग त्यानेच निवडला होता. बाण पुढे निघून गेला. तो खुर्ची मागे ढकलून उठला.

"गेलास तर चाचणी रद्द," शेजारी बसलेली मॅनेजर म्हणाली. "मग त्यांना काय अडलं, ते कुठेच धरलं जाणार नाही. उद्या दुकान आहे तसंच उघडेल."

"आई आहे ती माझी."

"म्हणूनच बस."

तो बसला. चालायला शिकणाऱ्या लेकराला पडू द्यायचं, लगेच हात पुढे करायचा नाही, हे त्याला त्याच्या लेकीच्या वेळी घरात सगळ्यांनी शिकवलं होतं. आईच्या बाबतीत कुणी काही शिकवलं नव्हतं. त्याने दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले.

चौथा प्लगिनही जुळला नाही. काकूंचा हात माऊसवरून उचलला गेला आणि मांडीवर येऊन पडला. तेव्हा चाचणीवालीने नियमात बसणारा एकच प्रश्न विचारला. घरी असता तर आता काय केलं असतं?

"घरीच तर अडलं होतं, बाई," काकू म्हणाल्या. मुलगा याच कामातला आहे, त्यांनी सांगितलं. आमचा छोटू. आता दाढी पांढरी व्हायला लागलीय त्याची, पण छोटूच. त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाला, आई, अगदी सोपं आहे, तुझं तुला जमेल.

त्यांनी चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसत बसल्या.

"अवघड असतं तर तिसऱ्यांदा विचारलं असतं. सोपं असलेलं जमत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?"

शेजारच्या खोलीत मॅनेजरने आवाज कमी करायला हात पुढे केला. मुलाने तो धरला.

अजून वेळ आहे का, काकूंनी विचारलं. चाचणीवाली हो म्हणाली. त्यांनी चष्मा चढवला, मान पुन्हा कलती केली आणि यादी अगदी वरून सुरू केली. बाण सरकत सरकत पहिल्याच प्लगिनवर जाऊन थांबला.

"मघाशी माझंच काहीतरी चुकलं असेल," त्या म्हणाल्या, आणि तेच बटण दाबलं.